मुठीचं लाकूड

ओल्या बाभळीचा वास तुरट असतो, भिजलेल्या चिंचेच्या लाकडाला जवळजवळ वासच नसतो, आणि सागवान दोन दिवस पाण्यात राहिलं की बंद खोलीतलं जुनं कपाट उघडल्यासारखा एक तेलकट, कोंदलेला गंध देऊ लागतं. या विषयातला मी कुणी जाणकार नव्हे. बत्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. समास सोडवले, शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि खडूची पूड झटकत घरी आलो, एवढाच माझा पराक्रम. पण गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला जालन्याच्या आमच्या घरी न्हाणीच्या दाराशी एक बादली भरलेली असे, तीत चार-पाच जातींच्या लाकडांचे वीतभर तुकडे दगडाखाली दाबून ठेवलेले असत, आणि सकाळचं कोवळं ऊन ओट्यावर उतरलं की मी एकेक तुकडा बाहेर काढून, डोळे मिटून, उजव्या हातात घट्ट धरून बसत असे. बायकोनं चार दिवस पाहिलं, मग विचारलं की ही लाकडं शिजायला आणखी किती दिवस लागतील, म्हणजे त्या बेतानं कुकर लावायला बरं.

मी तिच्यावर उगाचच खेकसलो. खरं काय ते सांगायची सोय नव्हती. गळाच्या काठीला बसवायच्या मुठीसाठी मी लाकूड शोधत होतो, आणि ती काठी माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची होती. तिनं ती माझ्याजवळ जपायला ठेवली होती आणि आता परत मागितली होती. ती काठी एकोणपन्नास वर्षांपूर्वीच हरवली आहे, हे जगात माझ्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

आमचं गाव शहागड. गोदावरीला तिकडं कुणी गोदावरी म्हणत नाही; गंगाच म्हणतात, आणि गंगेवर जाऊन येतो असं म्हणणारा माणूस काशीला नव्हे, घराच्या उतारावरून खाली निघालेला असतो. दिवाळी सरली की गढूळ पाणी हळूहळू निवळून हिरवट होई, काठची वाळू पहाटे पायांना बोचेल इतकी गार पडे, आणि पुलावरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर पाण्यावरून मऊ होऊन येई. अशा दिवसांत अक्का गळ टाकून बसे. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून मला न्हाऊ-माखू घालणारी, माझ्या पाटीवर अक्षरं काढून देणारी आणि वेळप्रसंगी धपाटे घालणारी तीच होती. पोरीच्या जातीनं गळ टाकून बसू नये असं भावकीतल्या बायका म्हणत. पण संध्याकाळी कालवणात मरळ पडे, त्यामुळं वडील त्या बोलण्याकडं काणाडोळा करत.

तिची काठी वेळूची होती, तिला तंगुसाचा पारदर्शक दोरा, आणि तरंगायला ज्वारीच्या ताटातलं पांढरं भेंड. पण काठीचा जीव होता तिच्या मुठीत. आईच्या मागं घरात तिची म्हणावी अशी फार थोडी चीजवस्तू उरली होती, त्यात एक खुरपं होतं. त्याचं पातं मोडलं तेव्हा वडिलांनी लोखंड लोहाराला दिलं आणि लाकडी मूठ अक्कानं मागून घेतली. वेळूचं बूड तासून तिनं ते त्या मुठीत ठोकून बसवलं आणि वरून सुतळी आवळली. वर्षानुवर्षं निंदणी करून आईच्या अंगठ्यानं त्या लाकडाला एका अंगानं लहानशी खोलगट जागा पाडलेली होती. अक्काचा अंगठा तिथंच जाऊन बसे. ती तासन्‌तास भेंडाकडं पाहत असे आणि तिचा अंगठा त्या खळग्यात हळूहळू फिरत असे. माशाची वाट पाहणं हे निमित्त असावं, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मला फक्त भूक लागलेली असे.

सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि तिला वाटूरला दिलं. वाटूरला चार दिशांच्या वाटा एकत्र येतात, बाजार भरतो, काळ्या रानात कापूस पांढरा होतो. सगळं आहे, गंगा तेवढी नाही. नव्या नवरीनं सासरी गळाची काठी घेऊन जायचं, हे तर स्वप्नातही शक्य नव्हतं. पाठवणीच्या वेळी सगळी मंडळी गाडीपाशी असताना ती मला माजघरात ओढून घेऊन गेली, कोपऱ्यात लपवलेली काठी माझ्या हातात दिली, आणि रडून लाल झालेल्या डोळ्यांनी मला एवढंच म्हणाली, "जपून ठेव. मी आल्यावर लागंल."

मी दोन महिनेसुद्धा जपली नाही.

त्या दिवशी मी एकटाच गळ टाकून बसलो होतो. थंडीचे दिवस, पाण्यावर उन्हाचा नुसता चुरा सांडलेला. तेवढ्यात पुलाकडून आरडाओरडा ऐकू आला: मोसंबीचा ट्रक कलंडला होता. मोसंबी काही आमच्या मुलखाला नवी नव्हे, पण फुकटची मोसंबी निराळी. मी काठी काठच्या चिखलात रोवली आणि धूम ठोकली. अख्खं गाव सदरे आणि पदर भरून घेत होतं. मीही सदऱ्याचा ओचा केला, दोन तिथंच सोलून खाल्ल्या, रस हाताच्या कोपरापर्यंत ओघळला. परत आलो तेव्हा चिखलात अंगठ्याएवढं भोक होतं आणि त्यात पाणी झिरपून राहिलं होतं. कुठल्या तरी दांडग्या माशानं काठी ओढून नेली होती. मी काठाकाठानं पुलापर्यंत गेलो, पुलाखालून पुढं गेलो, अंधार पडेपर्यंत शोधत राहिलो. आईची शेवटची वस्तू मी मोसंबीपायी घालवली होती, आणि हात त्या मोसंबीनंच घमघमत होते.

पुढं अक्का दिवाळीला माहेरी आली तेव्हा पोटुशी होती, गंगेवर जायला तिला कुणी परवानगी दिली नाही. तिनं विचारलं, माझी काठी हाय का रे. मी म्हटलं, हाय की. एका शब्दाचं काम होतं, एका शब्दात भागलं. नंतर वडील गेले, माहेर विरलं, मी जालन्याला नोकरीला लागलो आणि दर भाऊबीजेला वाटूरला जाऊ लागलो. ओवाळून झालं, तबक खाली ठेवलं, की ती पहिल्यांदा गंगेला पाणी किती आहे ते विचारी, मग काठीचं विचारी, आणि शेवटी, जणू काही सहज आठवल्यासारखं करून, मुठीचं. मूठबी हाय, असं मी म्हणे. दाजी हसत. म्हणत, तुमच्या बहिणीला माहेरचं सोनं नको, लाकूड पाहिजे. सगळे हसत, मीही हसे, आणि पुढ्यातली करंजी नुसती कुस्करत बसे.

खोटं बोलायचं वय केव्हाच संपलं होतं. ते निभावत राहण्याचं वय मात्र संपेना.

दोन वर्षांपूर्वी दाजी गेले आणि त्याच थंडीत अक्काला लकवा झाला. बोलणं सावरलं, पाय ओढत का होईना चालू लागली, पण उजवा हात गेला तो गेलाच. बोटं मिटतात, उघडतात, पण त्यांना काही कळत नाही. गरम तवा आणि गार तांब्या त्यांना सारखाच. गेल्या भाऊबीजेला तिनं डाव्या हातानं तबक फिरवलं आणि सुनेनं खालून आधार दिला. मी साडीचं पाकीट पुढं केलं. तिनं ते बाजूला सारलं.

"औंदा साडी नको. माझी काठी दे आन मला एकदा गंगंवर ने," ती म्हणाली.

थंडी सरली की नेतो, असं मी कबूल केलं. म्हणजे माझ्या हातात तीन महिने होते. खरं सांगून टाकावं, हे परतीच्या वाटेवर मनात आलं नाही असं नाही. पण लकवा झालेल्या बाईला असा धक्का द्यायचा का, अशी एक सोयीची माया मला लगेच सुचली. भित्र्या माणसाला सबबींचा तोटा नसतो. मी तशीच दुसरी काठी करायचं ठरवलं.

आधी जालन्यातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या तरुण मालकानं काचतंतूच्या काठ्या मांडल्या. एकीची मूठ स्पंजासारख्या काळ्या पदार्थाची होती. धरायला मऊ, पण तिला नव्या चपलेचा वास येत होता. दुसरीची मूठ बुचाची. ती मात्र हातात घेतली आणि क्षणभर हलवावीशी वाटेना: हलकी, ऊबदार, ओल्या हातालाही न निसटणारी. जाणकार लोक बूचच घेतात, असं तो म्हणाला, आणि ते मला पटलंही. अक्काच्या दुबळ्या हाताला तीच बरी पडली असती. पण मला तिच्या हाताला काय बरं पडेल ते नको होतं, मला माझं खोटं झाकणारं लाकूड हवं होतं. ही गोष्ट मला त्या वेळी इतकी स्पष्ट कळली असती तर मी दुकानातच बसकण मारली असती.

आणि मग प्रश्न उभा राहिला की ती मूठ होती तरी कशाची? रंग आठवे, काळपट तांबूस, खळगा आठवे, सुतळीचा खरखरीतपणा आठवे. लाकूड आठवेना. म्हणून ती बादली. बाभूळ, चिंच, सागवान, कडुनिंब, बोर. ओल्या सागवानावरून हात सटके, चिंच जड पडे, कडुनिंबाला दोन दिवसांत चीर गेली. रोज सकाळी जे पहिलं हातात येई तेच खरं वाटे, आणि दुसरं उचलताच पहिलं परकं होई. स्मृती ही फार लाघवी बाई आहे. आपण जे मागू त्याला ती हो म्हणते.

शेवटी शहागडला भानुदास सुताराकडं गेलो. हमरस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये तो आता दारं-खिडक्याच करतो, पण कुऱ्हाडीला दांडा किंवा खुरप्याला मूठ बसवायची तर आजही त्याची जुनी रीत मोडत नाही. माणसाचा हात पाहिल्याशिवाय तो लाकडाला हात लावत नाही. भिजवलेल्या काळ्या मातीचा गोळा तो गिऱ्हाइकाच्या मुठीत देतो, घट्ट दाबायला लावतो, आणि बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा पत्र्यावर वाळवून त्याच्या बेतानं मूठ घडवतो. खुरप्याची जुनी मूठ म्हणजे बहुधा बाभळीचीच, वखराच्या कामातून उरलेल्या तुकड्याची, असं तो म्हणाला. मी बाभूळ धरून चाललो. मग त्यानं मातीचा गोळा मळला आणि हात कुणाचा ते विचारलं. बहिणीचा आहे, ती येऊ शकत नाही, माझाच घे, बहीण-भावाचा हात सारखाच असायचा, असं मी म्हटलं. त्यानं मान वर केली.

"हाताला नातं नसतंय, गुरुजी. ज्याचा त्याचा हात," तो म्हणाला. पण माझ्या पांढऱ्या केसांची भीड पडली असावी, त्यानं गोळा पुढं केला. मी उजव्या हातात घेऊन दाबला, आणि अंगठा मुद्दाम खोल रोवला.

आठ दिवसांनी मूठ मिळाली. देखणी होती, हीच अडचण. तिला जुनी करण्यासाठी मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. करडईचं तेल चोळलं, चुलीची राख आणून घासली, आणि दोन महिने रोज सकाळी फिरायला जाताना ती हातात वागवली, तळव्याच्या घामानं काळी पडावी म्हणून. शेजाऱ्यांना वाटलं, मी कुत्र्यांना भ्यायला लागलोय. फेब्रुवारी आला तोवर ती इतकी जुनी दिसू लागली की माझा मलाच भास होई, हीच ती. मग ती नव्या वेळूच्या बुडाला ठोकून बसवली, सुतळी आवळली आणि तंगूस, गळ, भेंड बांधलं.

भाच्यानं अक्काला गाडीतून आणलं त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोसंबीच्या बागा फुललेल्या होत्या. काचा खाली होत्या आणि तो गोड, किंचित कडवट दरवळ गाडीत भरून राहिला होता. अक्का डोळे मिटून तो वास घेत होती. मी माझ्या बाजूची काच वर घेतली. नदीच्या उतारावर भाच्यानं खुर्ची मांडली, पण तिनं वाळूतच बसायचं म्हटलं. बसवून तो पुलाकडं चहाला गेला. पाणी हिरवट, शांत, पलीकडच्या काठाची सावली पोटात घेऊन पसरलेलं होतं. पुलावरचे ट्रक तेव्हापेक्षा कितीतरी वाढलेत, पण पाण्यावरून येणारी त्यांची घरघर तशीच मऊ होती. ती बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग तिनं हात पुढं केला.

डावा हात.

आणि मी चरकलो. तिचा उजवा हात गेलाय हे मला दोन वर्षं ठाऊक होतं, डाव्या हातानं तिनं मला ओवाळलेलंही मी पाहिलं होतं. तरी तीन महिने मी मूठ घडवत होतो ती सतरा वर्षांच्या एका पोरीच्या उजव्या हातासाठी. डाव्या हातात तो अंगठ्याचा खळगा भलतीकडंच गेला, बोटांखाली. तिनं काठी दोनदा फिरवून पाहिली, मग मला म्हणाली की ह्या हातानं आपण ती कधी धरलीच नाही, ह्याला काय ओळखू येणार, उजव्यात दे. मी तिची उजवी बोटं एकेक करून मुठीभोवती मिटवली, अंगठा उचलून खळग्यात ठेवला. बरोबर बसला. तिनं डोळे मिटले. कपाळावर आठ्या पडल्या, अंधारात काहीतरी चाचपडल्यासारख्या. 

"हाताला काय कळंना झालंय रे," ती म्हणाली. "तूच सांग. तीच हाय का?"

आता हो म्हणायला काहीच आडवं येत नव्हतं. पकडणारा एकच साक्षीदार होता, तो हात, आणि तो मुका झाला होता. एवढं पक्कं झाकलेलं खोटं माणसाला जन्मात एकदाच मिळत असेल. पण तिनं विचारलं होतं ते संशयानं नव्हे; स्वतःच्या हातावरचा भरवसा उडालेल्या बाईनं तो माझ्यावर ठेवला होता. माझ्या तोंडून हो निघेना. मी म्हटलं, न्हाई अक्का. आणि मग सगळंच सांगितलं: चिखलात रोवलेली काठी, कलंडलेला ट्रक, ते भोक, पुलाखालचा अंधार, बादली, भानुदास, राख. निवृत्त मास्तर वाळूत बसून चौथीतल्या पोरासारखा रडत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

ती पाण्याकडं पाहत राहिली. मग, मान न वळवता तिनं विचारलं, "मोसंबी तरी गोड व्हती का?"

"लई," मी म्हटलं.

ती हसली, लकव्यानं एका बाजूला ओढलेल्या ओठांनी, अर्धंच. आणि थोड्या वेळानं म्हणाली, "बरं केलंस तवा सांगितलं न्हाईस. तिथं माझी काठी हाय, ह्याच्यावर मी लई दिवस काढले."

 ज्या शब्दाची मला आयुष्यभर लाज वाटली, त्या शब्दाला धरून ती वाटूरच्या त्या कोरड्या रानात उभी होती. क्षमा केली असती तर मी हलका झालो असतो. तिनं ती केली नाही. तिला तशी गरजच दिसली नाही. मी डोळे पुसले आणि मास्तरकीची खोड जाईना म्हणून विचारलं, की ती मूठ कशाच्या लाकडाची होती. तिनं आश्चर्यानं माझ्याकडं पाहिलं. ते कुणाला ठाऊक, म्हणाली. आपण कधी बघितलंच नाही, आईचा हात लागलेली आहे एवढंच मनात धरून बसायचे.

मग तिनं पिशवीतून हात पुसायला आणलेलं जुन्या लुगड्याचं फडकं काढलं, एक टोक दातांत धरून डाव्या हातानं त्याची लांब पट्टी फाडली, आणि मला ती मुठीवर गुंडाळायला लावली. माझा तो कोरून काढलेला, घामानं मुरवलेला खळगा दोन वेढ्यांत झाकून गेला. तिसऱ्या वेढ्याला तिनं हात घालून पाहिला, आणखी एक वेढा दे म्हणाली, मग बस म्हणाली. आता ती मूठ तिच्या डाव्या हातात मावली. गळाला कणकेची गोळी मी लावली. तिनं वेडावाकडा हात फिरवला, दोरा जेमतेम चार हातांवर पडला, आणि भेंड पाण्यावर उभं राहिलं. आम्ही ऊन कलेपर्यंत बसलो. एकही मासा लागला नाही, आणि तिनं एकदाही दोरा ओढून पाहिला नाही. पट्टीवरून तिचा अंगठा तेवढा हळूहळू फिरत होता.

निघताना भाच्यानं तिला गाडीत बसवलं. काठी डिकीत ठेवू का, असं तो विचारत होता. तिनं मान हलवली, खिडकीतून ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जपून ठेव. मी आल्यावर लागंल."

त्यानंतर तिचं येणं झालेलं नाही. डॉक्टर प्रवास नको म्हणतात, गुडघेही आता ऐकत नाहीत. रविवारी तिचा फोन येतो. गंगेला पाणी किती आहे हे विचारून झालं की ती काठीचं विचारते. मी फोन कानाला लावूनच उठतो, आतल्या खोलीत जातो, कपाटामागची काठी काढून हातात घेतो. लुगड्याच्या पट्टीला अजून वाळूचा वास आहे. ती पट्टी मी मुठीत घट्ट धरतो, आणि मगच तिला सांगतो, हाय.